ग्राफिनचे थर, मोडलेली सममिती आणि प्रकाशाची साक्ष

ग्राफिनचे दोन थर एकमेकांवर ठेवले, बाहेरून ना वीज लावली ना चुंबक, तरी आतले इलेक्ट्रॉन आपापसातल्या ढकलाढकलीतून त्या स्फटिकाची सममिती मोडतात का? आणि मोडत असतील तर नेमकी कोणती? यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आहे: मोडतात. दुसऱ्यावर पंधरा वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. आजवरचा बहुतेक पुरावा नमुन्याला तारा जोडून, प्रवाह सोडून, रोध मोजून जमवलेला आहे. त्या मार्गानं पुष्कळ कळलं, पण इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांमध्ये फट पडली हे कळणं वेगळं आणि ती कोणती सममिती मोडल्यामुळे पडली हे कळणं वेगळं. माझ्या मते हा दुसरा प्रश्न प्रकाशालाच विचारायला हवा. काही सममितींबद्दल प्रकाशानं चोख उत्तरं दिली आहेत, आणि जिथं खरी उत्सुकता आहे तिथं मात्र त्याची वाट अजून अडलेली आहे.

प्रकाशाला सममिती कळते म्हणजे काय, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. जळगावजवळच्या नशिराबादमधल्या कुठल्याही शाळकरी मुलाच्या कंपासपेटीत पारदर्शक प्लास्टिकचा कोनमापक असतो. संगणकाचा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करायचा, त्यासमोर पोलराइज्ड गॉगलची काच धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवायची. पडद्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावत असतो आणि काच त्याच्या आडव्या दिशेचाच प्रकाश सोडते, म्हणून अंधार. आता मधे कोनमापक धरा. काळ्या पार्श्वभूमीवर जांभळे, हिरवे, पिवळे पट्टे उमटतात, आणि वितळलेलं प्लास्टिक साच्यात जिथून शिरलं त्या टोकाशी ते दाटीवाटीनं दिसतात. ताण नसलेल्या प्लास्टिकला सगळ्या दिशा सारख्या असतात. साच्यात थंड होताना ताण अडकून राहिला, दिशादिशांत फरक पडला, आणि त्या फरकानं प्रकाशाचं ध्रुवण बदललं. नुसत्या डोळ्यांना त्या कोनमापकात काहीच दिसत नव्हतं.

या प्रयोगातली खरी मोलाची गोष्ट रंगांच्या आधीचा अंधार आहे. सममिती शाबूत असेल तर इथं काहीच दिसता कामा नये. म्हणून जे काही दिसेल तो सममितीभंगाचा पुरावा. मोठ्या आकड्यातला लहान बदल शोधण्यापेक्षा शून्यातून वर आलेलं काही शोधणं कितीतरी सोपं. ग्राफिनवरच्या प्रकाशीय मोजमापांची सगळी ताकद या एका तत्त्वात आहे.

आता ग्राफिनकडे. षटकोनी जाळीतला कार्बनच्या अणूंचा एक थर, शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर 0.142 नॅनोमीटर. या जाळीत अणूंच्या दोन जागा असतात, त्यांना अ आणि ब म्हणू. केंद्रातून सगळं उलट बाजूला नेलं तर अ च्या जागी ब येतो, आणि दोन्ही कार्बनच असल्यामुळे जाळी जशीच्या तशी राहते. ही केंद्र-सममिती. ग्राफाइटमध्ये असे थर 0.335 नॅनोमीटर अंतरावर एकमेकांवर, जरा सरकून बसलेले असतात. ती रचना जे. डी. बर्नाल यांनी 1924 मध्ये उलगडली. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी 2004 मध्ये ग्राफाइटवर चिकटपट्टी लावून एकेक थर वेगळा काढून दाखवला आणि 2010 चं नोबेल त्यांना मिळालं. तेव्हाही थर ओळखायला प्रकाशच कामी आला. ग्राफिनचा एक थर अंगावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे 2.3 टक्के प्रकाश शोषतो. सिलिकॉनवर सुमारे 300 नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड असला की साध्या सूक्ष्मदर्शकातून एक थर, दोन थर, तीन थर असा फरक डोळ्यांना कळतो.

दोन थरांच्या ग्राफिनमध्ये केंद्रातून उलटवलं की वरचा थर खाली जातो आणि खालचा वर. म्हणजे दोन्ही थर अगदी सारखे असतील तोवरच केंद्र-सममिती टिकते. थरांना लंब असं विद्युतक्षेत्र लावलं की वरचा थर आणि खालचा थर यांच्यात ऊर्जेचा फरक पडतो, सममिती मोडते आणि पट्ट्यांमध्ये फट पडते. 2009 मध्ये बर्कलीतल्या फेंग वांग यांच्या गटानं आणि कोलंबियातल्या टोनी हाइन्झ यांच्या गटानं हे अवरक्त प्रकाशानं स्वतंत्रपणे दाखवलं. बर्कलीच्या प्रयोगात फट शून्यापासून 250 मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत हवी तशी रुंद करता आली. ही ऊर्जा सुमारे 5 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची. त्याआधी रोधाच्या मोजमापांत ही फट फार लहान भासत होती, कारण अशुद्धींमुळे फटीच्या आतूनही इलेक्ट्रॉन उड्या मारत वाट काढतात. प्रकाशाला त्या चोरवाटांशी देणंघेणं नसतं. तो पट्टीतून पट्टीत थेट चढण्याचीच ऊर्जा सांगतो. पुढे 2017 मध्ये लाँग जू आणि सहकाऱ्यांनी बोरॉन नायट्राइडमध्ये गुंडाळलेल्या स्वच्छ द्विस्तर ग्राफिनमध्ये, याच फटीशी निगडित असं इलेक्ट्रॉन आणि पोकळी (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली रिकामी जागा) यांच्या जोड्यांचं टोकदार शिखर पाहिलं.

याच सममितीभंगाची दुसरी साक्ष रामन वर्णपटात, म्हणजे अणूंच्या कंपनांमुळे विखुरलेल्या प्रकाशाची वारंवारता किती सरकली याच्या नोंदीत, मिळते. ज्या स्फटिकाला केंद्र-सममिती आहे त्यात अणूंचं एखादं कंपन रामन प्रकीर्णनात दिसत असेल तर ते अवरक्त शोषणात दिसत नाही, आणि उलटही तसंच. द्विस्तर ग्राफिनमध्ये 1580 प्रति सेंटीमीटरच्या आसपास दोन कंपनं असतात: एकात दोन्ही थर तालात हलतात, दुसऱ्यात विरुद्ध. पहिलं रामनला दिसतं, दुसरं दिसत नाही. थरांमध्ये फरक पाडला की दोघांची सरमिसळ होते आणि जिथं एक शिखर होतं तिथं दोन दिसू लागतात. भारतात या कामाचा पाया बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अजय सूद यांच्या गटानं घातला. ग्राफिनच्या ट्रान्झिस्टरमध्ये इलेक्ट्रॉनांची संख्या बदलत रामन वर्णपट मोजण्याचं त्यांचं 2008 चं काम जगभर वापरलं गेलं. त्याच्या लेखकांत सैद्धांतिक बाजू सांभाळणारे उमेश वाघमारे आहेत, आणि गाइम आणि नोव्होसेलोव्हही आहेत.

तिसऱ्या थरापाशी गोष्ट अधिक रंगते. तिसरा थर पहिल्याच्या नेमका वर आला तर ती अ-ब-अ रचना, आणखी एक पाऊल सरकला तर अ-ब-क. तेच अणू, तितकेच थर, सूक्ष्मदर्शकात रंगही तोच. पण अ-ब-अ मध्ये मधला थर आरशासारखा वागतो, वरचं आणि खालचं एकमेकांचं प्रतिबिंब. केंद्र-सममिती मात्र नाही. अ-ब-क मध्ये नेमकं उलट: आरसा नाही, केंद्र-सममिती आहे. यांना वेगळं करण्याचा सगळ्यात चोख मार्ग म्हणजे दुप्पट वारंवारतेचा प्रकाश. समजा 1300 नॅनोमीटरच्या लेसरचे तीव्र स्पंद नमुन्यावर सोडले आणि परत येणाऱ्या प्रकाशात 650 नॅनोमीटरचा लाल प्रकाश शोधला. केंद्र-सममिती असलेल्या स्फटिकाच्या अंतर्भागातून हा दुप्पट वारंवारतेचा प्रकाश निघूच शकत नाही, कारण क्षेत्राची दिशा उलटली की प्रतिसादाचीही उलटायला हवी, आणि वर्गात वाढणारा प्रतिसाद उलटत नाही. दोन्ही अटी पाळायच्या तर तो शून्यच असावा लागतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अ-ब-अ च्या तुकड्यातून हा प्रकाश लख्ख आला, अ-ब-क मधून जवळपास काहीच नाही. ध्रुवणाची दिशा फिरवत नेली की तीव्रतेच्या आलेखात सहा पाकळ्या दिसतात, आणि पाकळ्यांवरून स्फटिक कोणत्या दिशेला बसला आहे तेही कळतं. एखादी पाकळी लहान, एखादी मोठी असेल तर तीनपदरी सममितीही (120 अंशांनी फिरवलं तरी तसंच दिसणं) बिघडली असा संशय घ्यायचा.

चिकटपट्टीनं काढलेल्या तीन आणि चार थरांच्या तुकड्यांत सुमारे 15 टक्के क्षेत्रफळ अ-ब-क धाटणीचं असतं, हे 2011 मध्ये रामन नकाशांतूनच कळलं. आज सगळ्यांचं लक्ष या 15 टक्क्यांवर आहे. याच धाटणीच्या पाच थरांत लाँग जू यांच्या एमआयटीतल्या गटाला 2024 मध्ये चुंबकीय क्षेत्राशिवाय अपूर्णांकी क्वांटम हॉल परिणाम (प्रवाहाला आडव्या दिशेनं ठरावीक पायऱ्यांत येणारा व्होल्टेज) दिसला. तिथं काळ-सममिती, म्हणजे काळ उलटा फिरवला तरी सगळं तसंच राहणं, मोडलेली आहे यात शंका नाही, पण ती गोष्ट पुन्हा तारा जोडूनच कळली.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट थरांच्या ग्राफिनवर बरीच वर्षं काम करतो आहे. 2015 चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार देशमुख यांना मिळाला. त्यांचं 2022 मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये आलेलं काम मला या आढाव्याच्या मध्यभागी ठेवावंसं वाटतं, जरी त्यात लेसर नाही. आयआयटी कानपूरच्या अमित अगरवाल यांच्यासारख्या सिद्धांतकारांना सोबत घेऊन त्यांनी दोन द्विस्तर तुकडे जरा पिळून एकमेकांवर ठेवले. नमुन्याच्या लांबीत एका वारंवारतेचा प्रवाह सोडला आणि आडव्या दिशेनं दुप्पट वारंवारतेचा व्होल्टेज मोजला, चुंबकाशिवाय. तर्क तोच: केंद्र-सममिती शाबूत असती तर आडवं काही यायला नको होतं. शिवाय तीनपदरी सममिती शाबूत असती तरी येणार नव्हतं. ती नमुन्यात अडकलेल्या बारीक ताणानं मोडली होती. कोनमापकातला साच्याचा ताण आणि या नमुन्यातला ताण यांचं काम एकच. विद्युतक्षेत्र बदलत नेलं की या व्होल्टेजचं धन-ऋण चिन्ह बदलतं, आणि त्यावरून इलेक्ट्रॉनपट्टीची टोपोलॉजी कधी बदलली हे त्यांनी पकडलं. म्हणजे प्रकाशाच्या जगातली युक्ती विजेच्या जगात नेली, आणि ती चालली.

आता मूळ प्रश्नाकडे. पाच थरांचं उदाहरण सोडलं तर वरची बहुतेक उदाहरणं मुद्दाम मोडलेल्या किंवा रचनेतच नसलेल्या सममितीची आहेत. स्वतःहून मोडलेली सममिती पाहायची तर नमुना कमालीचा स्वच्छ हवा. म्हणून द्विस्तर ग्राफिन पुलासारखं अधांतरी टांगून, अतिथंड करून मोजतात. 2010 मध्ये आमीर याकोबी यांच्या हार्वर्डमधल्या गटानं अशा नमुन्यात सममिती मोडलेल्या अवस्था पाहिल्या. 2011 मध्ये मँचेस्टरच्या गटाला फटीऐवजी दिशादिशांत फरक पडल्याची चिन्हं दिसली. 2012 मध्ये जीनी लाऊ यांच्या गटानं 2 ते 3 मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टची फट मोजली. 2021 मध्ये थॉमस वाइट्झ यांच्या गटानं ठरावीक विद्युतक्षेत्रात याच पदार्थात विसंगत हॉल परिणामाच्या खुणा नोंदवल्या. सिद्धांतात उमेदवारांची रांग आहे. एकात वरच्या थरावर एका फिरकीचे (स्पिनचे) इलेक्ट्रॉन आणि खालच्या थरावर उलट फिरकीचे. एकात सगळे इलेक्ट्रॉन एकाच दिशेनं घिरट्या घेतात आणि चुंबक नसताना हॉल परिणाम येतो. एकात फक्त दिशांची समानता जाते, फट पडतच नाही. फट पडणाऱ्या अवस्था रोधाच्या आलेखावर बऱ्याचदा सारख्याच दिसतात. इथं मला रोधमापनाची मर्यादा खटकते. फटीचा आकडा कितीही अचूक असला, तरी तो या उमेदवारांमध्ये निवड करून देत नाही.

निवड कशी करायची याची चोख सूचना 2011 मध्ये राहुल नंदकिशोर आणि लिओनिड लेव्हिटोव्ह यांनी केली. काळ उलटा फिरवला तर जे वेगळं दिसेल अशा अवस्थेवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचं ध्रुवण फिरतं. हा केर परिणाम. चुंबकाशिवाय द्विस्तर ग्राफिनमध्ये तो दिसला तर घिरट्या घेणारी अवस्था सिद्ध. दुसऱ्या वर्षी गोर्बार, गुसिनिन, कुझमेन्को आणि शारापोव्ह यांनी वेगवेगळ्या अवस्थांत अवरक्त शोषण आणि ध्रुवणाचं फिरणं कसं दिसेल याची गणितं मांडली. एका वाचनात उमेदवार ओळखू यावा, असं ते काम आहे. ग्राफिनला ध्रुवण फिरवता येतं याबद्दल शंका नव्हतीच: जिनिव्हात 7 टेस्लाच्या क्षेत्रात एकाच थरानं ध्रुवण सुमारे 6 अंश फिरवल्याचं त्याच सुमारास दिसलं होतं. पण तिथं चुंबक बाहेरून लावलेला होता.

अडचणी कुठं आहेत ते जवळून पाहण्याजोगं आहे. 2 मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या प्रकाशाची तरंगलांबी 0.6 मिलिमीटर. टांगलेला नमुना दोन-चार मायक्रोमीटरचा. प्रकाश कितीही नीट केंद्रित केला तरी ठिपका नमुन्याच्या शंभरपट रुंद, म्हणजे जवळजवळ सगळा प्रकाश नमुन्याला न शिवताच परतणार. तापमानाचंही तसंच. ही फट सुमारे 23 केल्व्हिनच्या उष्णतेइतकी. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात 45 अंश तापमान असतं तेव्हा उष्णतेची ऊर्जा 27 मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट, फटीच्या तेरापटीहून जास्त. नमुना थंड ठेवायचा आणि त्याच्यावर प्रकाशही टाकायचा, आणि त्या प्रकाशानं तो तापूही द्यायचा नाही. त्यातच टांगलेल्या नमुन्यावर धातूचा गेट, म्हणजे विद्युतक्षेत्र लावणारं अग्र, पुलासारखा आडवा असतो आणि तो प्रकाश अडवतो. शिवाय नमुन्याच्या एका भागात घिरट्या डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे असतील तर ध्रुवणाचं फिरणं एकमेकांना खोडून शून्य होणार.

मग कोणी म्हणेल, छोट्या तरंगलांबीचा प्रकाश वापरा. नॅनोरेडियनपर्यंत अचूक अशी केर-मापनाची यंत्रं आहेत. स्टॅनफर्डमध्ये जिंग शिया, अहरोन कपिटुल्निक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एका अतिवाहकात 65 नॅनोरेडियनचं फिरणं पकडलं. नशिराबादहून मुंबईपर्यंत ताणलेली पावणेचारशे किलोमीटरची रेषा इतक्या कोनातून फिरवली तर तिचं मुंबईकडचं टोक जेमतेम अडीच सेंटीमीटर सरकेल. या यंत्रात एकच प्रकाश दोन शलाकांत विभागून एकाच वाटेनं उलटसुलट फिरवतात. कोनमापकातल्यासारख्या ताणामुळे जे फिरणं येतं ते दोन्ही शलाकांना सारखं होतं आणि वजा होऊन जातं. काळ-सममिती मोडल्यामुळे येणारं तेवढं उरतं. ताण ही इथं पुराव्याऐवजी तोतयागिरी असते, आणि तिला बाजूला काढण्याची याहून सुरेख युक्ती मला माहीत नाही. पण यंत्राचा प्रकाश 1550 नॅनोमीटरचा, म्हणजे 0.8 इलेक्ट्रॉनव्होल्टचा, फटीच्या चारशेपट. इतक्या वर फटीचा पत्ता फारच पुसट लागतो. सही कुठं आहे आणि भिंग कुठं धरलं आहे, यात हे अंतर आहे.

यातून वाट काढायचे दोन मार्ग मला आश्वासक वाटतात. पहिला, नमुन्यालाच शोधक करायचं. प्रकाश शोषला गेला की नमुन्यात बारीकसा प्रवाह निर्माण होतो. तो मोजला तर न शिवता गेलेल्या प्रकाशाची फिकीर उरत नाही. लाँग जू यांच्या गटानं 2022 मध्ये बोरॉन नायट्राइडवरच्या अ-ब-क तीन थरांत याच रीतीनं 18 मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचं शोषण पाहिलं. इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या बलांमुळे पडणाऱ्या फटीशी त्याचा संबंध त्यांनी लावला. प्रकाश डाव्या किंवा उजव्या फेऱ्याचा करून हेच मोजलं तर काळ-सममितीचा प्रश्न थेट विचारता येतो. दुसरा मार्ग, धातूच्या सुईच्या टोकाखाली प्रकाश कोंडायचा. सुईचं टोक काही दहा नॅनोमीटरचं असलं की तरंगलांबीचं बंधन सुटतं. 2015 मध्ये अशाच अवरक्त सुईनं द्विस्तर ग्राफिनमधल्या अ-ब आणि ब-अ तुकड्यांच्या सीमारेषा रेखून दाखवल्या गेल्या. ही सुई अतिथंड तापमानात आणि फार लांब तरंगलांबीवर चालवणं जिकिरीचं आहे, पण अशक्य नाही.

एक सावधगिरी मात्र कायम बाळगायला हवी: प्रकाश नुसता साक्षीदार राहत नाही. आयआयटी मुंबईचे गोपाल दीक्षित, त्यांचे विद्यार्थी एम. एस. मृदुल आणि बर्लिनमधले सहकारी यांनी 2021 मध्ये गणितानं दाखवलं की विरुद्ध फेऱ्यांच्या दोन वारंवारता मिसळून केलेला लेसर, साध्या एकस्तर ग्राफिनमध्येही ऊर्जापट्ट्यांतल्या दोन सारख्या दऱ्यांमधली समानता मोडतो. 2020 मध्ये हॅम्बुर्गमध्ये वर्तुळी ध्रुवणाच्या स्पंदांनी ग्राफिनमध्ये चुंबकाशिवाय हॉल प्रवाह निर्माण केल्याचं प्रत्यक्ष मोजलं गेलं. म्हणून वर्तुळी प्रकाशात फरक दिसला की लगेच इलेक्ट्रॉनांनी सममिती मोडली असं म्हणता येत नाही. प्रकाशाची तीव्रता कमी कमी करत जायचं आणि तीव्रता शून्याकडे नेली तरी फरक उरतो का ते पाहायचं. अशी तपासणी दाखवल्याशिवाय कोणत्याही नव्या दाव्यावर विश्वास ठेवू नये असं मला वाटतं, मग तो कितीही मोठ्या नियतकालिकात आलेला असो.

द्विस्तर ग्राफिनच्या बाबतीत ज्या मोजमापाची गरज आहे ते आता नीट सांगता येतं. गेट धातूऐवजी पातळ ग्राफाइटचा, प्रकाश टेराहर्ट्झ पट्ट्यातला म्हणजे 0.3 ते 1 मिलिमीटरचा आणि डाव्या-उजव्या फेऱ्यात आळीपाळीनं बदलणारा, तीव्रता नमुना 23 केल्व्हिनच्या बऱ्याच खाली राहील इतकी कमी, आणि शोधक म्हणून नमुनाच. त्यासाठी थरांचे स्वच्छ नमुने करणारे हात लागतात आणि टेराहर्ट्झ प्रकाश हाताळणारे हात लागतात. कुलाब्याच्या संस्थेत देशमुखांचा गट पहिलं काम करतो, आणि श्रीगणेश प्रभू यांची प्रयोगशाळा टेराहर्ट्झ वर्णपटविज्ञानात वर्षानुवर्षं काम करत आली आहे. दोन्ही एकाच आवारात आहेत.